काचेवरचा डावा हात

अमरावतीहून पुण्याला जाणं हा काय प्रवास आहे का, असं आमच्या गल्लीतल्या चौघींनी मला विचारलं. चौघींचीही मुलं पुण्यात नोकरीला आहेत आणि चौघीही महिना-महिना तिथे नातवंडं सांभाळून आल्या आहेत. त्यांनी पुणं पाहिलं नाही, पुण्यातलं स्वयंपाकघर पाहिलं. मी सहा दिवसांत जे पाहून आले ते सांगायला बसले, तर निम्म्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो. म्हणून लिहूनच काढते आहे.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमचा फोटो स्टुडिओ होता. बाबा फोटो काढायचे, त्यांच्यानंतर दादा काढायला लागला आणि मी निगेटिव्ह रिटच करायची. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या एकेक करून पुसायच्या. चाळीस वर्षं हेच केलं. अर्ध्या अमरावतीची लग्नं मालतीच्या पेन्सिलीनं जमली, असं दादा म्हणायचा. स्टुडिओ आता बंद आहे. पेन्सिली मात्र मी ठेवल्या आहेत.

हे सगळं मी डाव्या हातानं केलं. शाळेत त्या हातावर छड्या खाल्ल्या, देवळात त्या हातानं प्रसाद घेतला म्हणून बोलणी खाल्ली. एकदा हात सुजवून घरी आले तेव्हा बाबा शाळेत गेले आणि मास्तरांना म्हणाले, "तिच्या हाताला हात लावायचा नाही. तो सखोबांचा हात आहे."

सखोबा म्हणजे बाबांचे पणजोबा. पुण्याच्या लष्करात एक गोरा साहेब होता, हॅल्डन नावाचा. त्याच्या तंबूत सखोबा फोटोच्या काचेवर रसायन चढवायचे. पुढे साहेब विलायतेला गेला, सखोबा एक कॅमेरा घेऊन वऱ्हाडात आले आणि आमचं घराणं या धंद्यात पडलं. सखोबा डावखुरे होते आणि त्यांच्या हातची काच कधी वाया जात नसे. आमच्याकडे एवढीच गोष्ट आहे. कागद नाही, पुरावा नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

आणि मग दादाच्या मुलीचा, पूर्वाचा, पुण्याहून फोन आला. "आत्या, त्या हॅल्डनच्या काचा सापडल्यात. एक्झिबिशन लागलंय. एका फोटोत तंबूजवळ एक माणूस उभा आहे, आणि खाली कार्डवर लिहिलंय, 'साहेबांचा नोकर, नाव अज्ञात'."

मी त्याच दिवशी प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहिलं. आमची सगळी गोष्ट लिहिली, डाव्या हाताचीही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या पत्रानुसार आपले पूर्वज डावखुरे होते. छायाचित्रातील इसम उजव्या हाताने काम करीत आहे. कळावे.'

त्या 'कळावे'नं मला पुण्याला नेलं.

मांजरी

पूर्वा मांजरीला राहते. खिडकीतून एका अंगाला ऊस दिसतो आणि दुसऱ्या अंगाला उसाच्या जागी उभ्या राहिलेल्या बारा मजली इमारती. सकाळी पोहे आले. पांढरेधोप, वर खोबरं, आणि चिमूटभर साखर. आमच्याकडे पोह्यांवर तर्री नसेल तर पाहुणा आजारी आहे का, असं विचारतात. मी पिशवीतून घरच्या ठेच्याची बाटली काढली. पूर्वाही आपली ताटली पुढे करत म्हणाली, "थँक गॉड, आत्या."

तिचं म्हणणं, लेटर आलंय म्हणजे विषय क्लोज झालाय, आता नुसतं एक्झिबिशन एन्जॉय करायचं. मी म्हटलं, "माह्या डोळ्यानं पाहिल्याबिगर काही बंद होत नाही." नोकरीत आठ-आठ तास पडद्याकडे बघणाऱ्या पोरीला डोळ्यांचं महत्त्व मी काय सांगणार.

दालनात

प्रदर्शन एका जुन्या संस्थेच्या दालनात होतं. दारातच व्यवस्थापक भेटले, करंदीकर सर. निवृत्त इतिहास-शिक्षक, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं.

"आपण पत्र पाठवलं होतं," नाव ऐकल्यावर ते म्हणाले.

"हो."

"उत्तर मिळालं?"

"मिळालं."

"मग?" एवढंच विचारून ते उभे राहिले. मी म्हटलं, फोटो बघायला आलेय. "बघा," ते म्हणाले. "बघायला मनाई नाही."

साहेबाचं काम मी मन लावून बघितलं. रागानं बघायचं ठरवून गेले होते, पण ते जमलं नाही. आधी फौजेत, मग सरकारी बांधकाम खात्यात, आणि सगळीकडे बैलगाडीवर कॅमेरा, तंबू, काचांच्या पेट्या आणि रसायनाच्या बाटल्या. त्या काळी तयार फिल्म नव्हती. काचेवर चिकट रसायन ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत तंबूत जाऊन धुवायची. उन्हाळ्यात काच बघता बघता वाळते. असं असूनही गडाच्या तटाचा दगड न्‌ दगड उमटला होता. एका अर्धवट बांधलेल्या पुलाखालचं पाणी तर असं दिसत होतं, की पाय सोडून बसावंसं वाटलं. साहेबाला उजेड कळत होता. धंद्यातली बाई म्हणून मी ते कबूल करते.

पुढच्या भिंतीवर माणसं होती. साहेबानं माणसांचे फोटो सरकारसाठी जातवार काढले होते. खाली लिहिलेलं, 'विणकर', 'पुरोहित', 'पाणी भरणारी'. दगडी पुलाला नाव, किल्ल्याला नाव, माणसाला नाही. नावं विचारायला साहेबाची जीभ अडखळत होती की शाई संपत होती, कोण जाणे.

शेवटी आमचा फोटो. खुर्चीवर एक बाई बसलेली, अंगभर दागिने, नाकात मोठी नथ, नजर थेट समोर. मागे घाटाच्या पायऱ्या, नदी आणि लांबवर टेकडी. फोटोच्या अगदी कडेला काळा तंबू, आणि तंबूच्या तोंडाशी एक माणूस. मुंडासं, धोतर, बाह्या सारलेल्या. एका हाताच्या बोटांवर काच तोललेली, दुसऱ्या हातात बाटली, आता ओतणार अशी कलती धरलेली. साहेबानं 'तसाच थांब' म्हटलं असावं, कारण तो जराही हललेला नाही. बाटली उजव्या हातात होती.

मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तो चेहरा मला परका वाटेना. बाबांची हनुवटी, दादाची भुवई. पण चाळीस वर्षं चेहऱ्यांत राहिलेल्या बाईला माहीत असतं, की शोधायला गेलं की कुणाच्याही तोंडावर कुणाचीही हनुवटी सापडते. हात मात्र खोटं बोलत नाही. मला त्या क्षणी अगदी पोरकं वाटलं. छड्या खाताना ज्या नावाचा आधार होता, ते नावच कुणी काढून घेतल्यासारखं.

"पाहिलंत?" करंदीकर सर मागे येऊन म्हणाले.

"पाहिलं."

"वाईट वाटून घेऊ नका. इथे येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला या भिंतीवर आपले आजोबा सापडतात."

नदीकाठ

माझं तोंड बघून पूर्वानं सुट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी साहेबानं तो फोटो जिथून काढला ती जागा शोधायची टूम काढली. मोबाइलवर फोटो घेऊन आम्ही मुठेच्या काठानं निघालो. एका जुन्या घाटाच्या पायऱ्या तंतोतंत जुळल्या, मधोमध फुटलेली एक पायरीसुद्धा. पण टेकडी जुळेना. फोटोत ती तंबूच्या उजवीकडे, आम्हाला दिसत होती डावीकडे.

"आपण राँग साइडला आहोत," पूर्वा म्हणाली. म्हणून पूल ओलांडून पलीकडे गेलो. तिथून टेकडी बरोबर आली, पण घाटाच्या पायऱ्याच राहिल्या अलीकडच्या काठावर. पुन्हा पूल ओलांडला. उन्हात तीन फेऱ्या झाल्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि पूर्वा वैतागून म्हणाली, "त्या काळी टेकडी शिफ्ट झाली असेल." कठड्याशी उभे असलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "टेकडी तिथंच आहे. माणसं फिरतायत." मला हसू आलं नाही. आता वाटतं, त्या टेकडीनं किती स्पष्ट सांगितलं होतं आणि मला ऐकू आलं नाही.

लोणी काळभोर

तिसऱ्या दिवशी पूर्वाच्या मैत्रिणीचं, अश्विनीचं, डोहाळजेवण होतं, लोणी काळभोरला. मला कुठे जायचं नव्हतं, पण घरी बसून काय करणार होते. पूर्वा आदल्या दिवशीच मार्केट यार्डातून मोगरा आणि शेवंती घेऊन आली होती. आम्ही दोघींनी बसून फुलांचा कंबरपट्टा गुंफला.

अश्विनी कंपनीत पूर्वाच्या शेजारच्या खुर्चीत बसते, पण घर शेतकऱ्याचं आहे. दारात ट्रॅक्टर, ओसरीत तीस-एक बायका. आमटीत गूळ नव्हता आणि वांगं असं झणझणीत, की तीन दिवसांत पहिल्यांदा माझा ठेचा पिशवीतच राहिला. अश्विनीच्या सासूबाईंनी मला जबरदस्तीनं पाटाशेजारी बसवलं.

"तुमी थोरल्या हाय, आजी. नथ तुमीच घाला सुनंला."

चापाची नथ होती, मोत्यांची. मी पोरीच्या समोर बसले, चाप उघडला आणि नथ नाकाला लावली. ओसरीतल्या सगळ्या बायका एकदम हसल्या.

"अवो आजी, उजवीकडं कुटं? नथ डाव्या नाकपुडीला असती. तुमच्याकडं येगळी रीत हाय का काय?"

"आमच्याकडेही डावीकडेच असते," मी म्हटलं.  जन्मात हजार बायकांच्या नथी बघितल्या आणि हात गेला भलत्या बाजूला. मी स्वतःशीच शोधू लागले, की असं कसं झालं. आणि कळलं.

निगेटिव्ह रिटच करताना पेन्सिल काचेवर नाही, रसायनाच्या बाजूवर चालवायची असते. त्या बाजूनं पाहिलं की माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो. चाळीस वर्षं मी माणसं उलटी पाहिली. माझ्या उजेडाच्या टेबलावर प्रत्येक नवरीची नथ दुसऱ्या बाजूला असे. माझ्या हाताला तीच खरी बाजू झाली होती.

नथ हातात तशीच धरून मी डोळे मिटले आणि तो फोटो आठवला. खुर्चीवरची बाई, थेट समोर बघणारी. तिची नथ, आता अश्विनीला मी चुकून ज्या बाजूला लावली होती, अगदी त्याच बाजूला होती. भिंतीसमोर मी एवढा वेळ उभी राहिले आणि मला काही खटकलं नाही. दुसऱ्या कुणाही बाईला खटकलं असतं. मला ती नथ ओळखीची वाटली.

"पूर्वा," मी म्हटलं, "त्यायनं फोटो उलटा छापला. म्हणून टेकडी जागेवर नव्हती."

पूर्वानं ओसरीतच मोबाइल काढून फोटो उलटवला. टेकडी डावीकडे गेली. नथ जागेवर आली. आणि तंबूच्या तोंडाशी उभ्या माणसाची बाटली डाव्या हातात आली.

मी रडले, ते मी लपवत नाही. सासूबाईंना वाटलं मी नथीवरून मनाला लावून घेतलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "असू द्या वो, चुकतं कदी कदी." मी नथ नीट बाजूला लावली आणि अश्विनीची ओटी भरली.

पुन्हा दालनात

दुसऱ्या दिवशी दार उघडण्याआधी मी पूर्वाला घेऊन दालनाबाहेर हजर होते.

"पुन्हा?" करंदीकर सर म्हणाले.

"सर, नथ कुठल्या नाकपुडीत घालतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोलावल्यासारखे आत गेले आणि फोटोसमोर उभे राहिले. त्या बाईची नथ पाहिली. मग किल्ली घेऊन मागच्या खोलीत गेले. आम्हीही मागोमाग गेलो. त्यांनी हातमोजे चढवले, पेटीतून काच काढली आणि खालून उजेड येणाऱ्या टेबलावर ठेवली. रसायनाची बाजू वर.

"काच अशीच ठेवून वरून फोटो घेतला का?" मी विचारलं.

"अर्थात. रसायनाची बाजू खाली ठेवली तर थर खरचटेल."

"बरोबर केलं. पण मग छापताना उलटवायचा असतो. आम्ही प्रत्येक वेळी उलटवत होतो."

सर काचेवर वाकले. काचेच्या एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी होती, रसायन न पोचलेली. काच जिथे धरून रसायन चढवतात ती जागा. मी तिला हात लावला नाही. वर हवेत, एक वीतभर अंतरावर, माझा अंगठा धरून बघितला.

"अहो, तो डावखुरा होता हे मान्य," सर अखेर म्हणाले. "पण पुण्यात डावखुरा माणूस एकच होता का?"

 माझ्याजवळ कागद नव्हता. गोष्ट होती, पण ती मी पत्रात आधीच लिहिली होती. आता सर 'कळावे' म्हणतील, असं वाटलं. पण ते खिशातल्या पेनाशी चाळा करत उभे होते. मग कपाटाकडे गेले आणि साहेबाच्या टिपणवहीची प्रत काढून पानं उलटू लागले.

"हे मी तीनदा वाचलंय," ते म्हणाले, आणि इंग्रजीतून मराठी करत सावकाश वाचलं. नदीकाठचा उन्हाळा, पाणी कोमट, इतरांच्या हातच्या काचा वाळून फुकट गेल्या. फक्त डाव्या हाताच्या माणसाची एकही वाया गेली नाही. तो नसता तर या मुलखात माझं काम झालं नसतं. "नाव नाही. साहेबांनी नाव लिहिलेलं नाही. मी समजत होतो हा वहीतला माणूस वेगळा, फोटोतला वेगळा आणि तुमच्या पत्रातला तिसराच. तिघं कुठे जुळत नव्हते."

"आता?"

"आता फोटो सरळ केला तर एकच माणूस उरतो." त्यांनी वही मिटली. "चूक आमची आहे, बाई."

पुण्याचा माणूस चूक कबूल करतो तेव्हा समोरच्यानं बसून घ्यावं. मी बसले. सखोबांच्या हातची काच कधी वाया जात नसे, हे बाबा शंभरदा म्हणाले असतील. तेच वाक्य साहेबानं लिहून ठेवलं होतं, आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं. साहेबाबद्दलचा माझा राग थोडा उतरला. नाव लिहिलं नाही, पण हात तरी लिहिला.

नवा फोटो छापून यायला आठवडा लागणार होता. तोवर काय करायचं यावर सरांनी जरा विचार केला आणि एक कागद लिहून फोटोशेजारी चिकटवला. 'हे छायाचित्र आमच्याकडून उलटे छापले गेले आहे. प्रेक्षकांनी ते मनात सरळ करून घ्यावे. चूक अमरावतीच्या बाईंनी दाखवली. पुण्यातील कोणाच्याही लक्षात आली नव्हती.' पूर्वानं लगेच त्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

मग सरांनी 'नाव अज्ञात' लिहिलेलं कार्ड काढलं, एक कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि खिशातलं पेन उघडून दिलं.

"छापील येईपर्यंत हातानं लिहा. काय लिहायचं ते तुम्हाला ठाऊक."

मी पेन डाव्या हातात घेतलं. याच हातावर शाळेत छड्या पडल्या होत्या.  मी लिहिलं, 'सखोबा. काचेवर रसायन चढवणारे. यांच्या हातची काच वाया जात नसे.'

सरांनी कार्ड लांब धरून वाचलं. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले, आणि टाचणी शोधायला लागले.